बोंड्याची शिट्टी

सुनीतीताईंना बसलेलं पाहिलंय, असं छातीठोकपणे सांगणारा माणूस आमच्या कॉलनीत सापडायचा नाही. चहासुद्धा त्या चालत पितात. कप हातात घेऊन कुंपणापासून तुळशीपर्यंत, तुळशीपासून नळापर्यंत. हळदीकुंकवाला बोलावलं तर दारातच वाण घेऊन परत फिरतात आणि वर म्हणतात, "बसत नाही गं, कुकर लावून आलेय." कुकर लावलेला नसतो, हे मला माहीत असतं. आमच्या दोघींच्या घरांमध्ये एका विटेची भिंत आहे, आणि त्यांच्या कुकरची शिट्टी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू येते.

शिट्टीपेक्षाही जास्त ऐकू येतात त्या त्यांच्या चपला. घरात घालायच्या रबरी चपला, फटक फटक. फोनवर बोलायला लागल्या की बाई घरभर चालतात. भाजीवाल्याचा फोन असेल तर ओसरीपर्यंत, मुलगा अनिमेष बंगलोरहून बोलत असेल तर थेट गच्चीपर्यंत आणि परत. "त्या चपलांनी माझं डोकं उठतं," असं मी नवऱ्याला सांगते आणि तो हसतो. त्याला हसायला काय जातंय, तो दिवसभर दिग्रसच्या बँकेत असतो.

तशा त्या आधीपासूनच चळवळ्या. पाटबंधारे खात्यात नोकरीला होत्या तेव्हा साहेब म्हणायचे, मॅडम, तुमच्या टेबलाला चाकं लावून देतो. पण चंद्रशेखरराव गेले आणि त्या पायांना थांबणंच राहिलं नाही. चंद्रशेखरराव म्हणजे त्यांचे यजमान, कॉलेजात इतिहास शिकवायचे. त्यांना अन्ननलिकेचं दुखणं लागलं आणि खाणं सुटलं. ताई वरणाचं पाणी करायच्या, साबुदाण्याची पेज करायच्या, वाटी घेऊन खोलीत जायच्या. ते मान फिरवायचे. ताई वाटी परत आणायच्या, गरम करायच्या, परत न्यायच्या. ते सगळे महिने भिंतीपलीकडून मी त्या चपला ऐकल्या आहेत.

"मी त्यांच्याजवळ बसलेच नाही गं प्राची," असं त्या मला एकदा म्हणाल्या, कपडे वाळत घालता घालता. "नुसती वाट्या गरम करत राहिले. बसले असते तर दोन घास जास्त गेले असते."

मी म्हटलं, ताई, दुखणंच तसलं होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि बादली उचलून चालू लागल्या. अशा माणसाला समजावणार कसं, समजावायला ते एका जागी तर सापडलं पाहिजे!

त्यांचं शेत राळेगावकडे आहे, कपाशी आणि तूर. ते बटईनं, म्हणजे अर्ध्या वाट्यानं, करतात मारोतराव, कित्येक वर्षांपासून. उंच, वाळका, खूप चहा पिणारा माणूस. आल्या आल्या पायरीवर बसणार आणि म्हणणार, "बाई, चहा घेऊनच बोलू जी." स्वतःच्या लेकरांपेक्षा बैलांचं कौतुक जास्त. बायको तानाबाई म्हणते, "याहीले इचारा लेकीचं लगन कोन्या महिन्यात झालं, नाई सांगता येनार. बैलाचे दात कवा आले ते सांगतीन."

त्या वर्षी, म्हणजे दोन हजार सतरा साली, पोळ्याच्या आधी ताई शेतावर गेल्या होत्या. येताना मारोतरावांना फवारणीचं औषध घ्यायचं होतं म्हणून दोघं एका कृषी केंद्रात थांबले. तिथे औषधांच्या खोक्यांच्या थप्पीवर एक पिंजरा ठेवलेला होता. आत गिनीपिग. दुकानदारानं नागपूरहून पोरांसाठी आणलेलं. पोरं थोडे दिवस खेळली आणि मग मोबाइलला लागली. घरात वास येतो म्हणून पिंजरा दुकानात आला, आणि दुकानात त्याच्याकडे बघायला कुणाला वेळ होता! नखं वाढून तळव्यात शिरलेली, पाठीवरचे केस झडून खपल्या धरलेल्या, डोळ्यांत चिपडं, मागचे पाय ओढत चालणं. समोर वाटीत मुरमुरे.

ताई मला नंतर सांगत होत्या, "मी तर तशी निघालेच होते. पण त्यानं मुरमुऱ्यांकडे पाहिलं आणि मान फिरवली. अगदी तश्शी."

तश्शी म्हणजे कशी, ते मला विचारावं लागलं नाही.

दुकानदार म्हणाला, "न्यायचं तं न्या मॅडम, माही कटकट जाईन." मारोतराव म्हणाले, "कायले नेता बाई हा उंदीर? एका पायानं वर चालला हाये तो." पण एस्टीत पिंजरा स्वतःच्या मांडीवर घेऊन बसले तेही तेच. पांढऱ्या अंगावर मातकट डाग, त्यामुळे त्याचं नावही त्यांनीच ठेवलं, बोंड्या. वेचायचं राहून गेलेलं, पावसानं डागाळलेलं कपाशीचं बोंड असतं ना, तसा तो दिसत होता खरा.

मला उंदरांची शिसारी आहे. हा उंदीर नाही, हे ताईंनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मी म्हटलं, ताई, असेल दुसरं काही, पण तोंडावरून तर उंदीरच वाटतो.

तरी जनावरांच्या दवाखान्यात ताईंबरोबर मी गेलेच. तिथले डॉक्टर क्षितिज तरुण होते. गायी-म्हशी आणि बकऱ्यांनी भरलेल्या त्या आवारात त्यांनी बोंड्याला टेबलावर ठेवलं आणि सरळ सांगून टाकलं, "हे मी कॉलेजात पाहिलं होतं, त्यानंतर आज. जरा वाचून घेतो." त्यांनी वाचलं, कुणाला तरी फोन केला, आणि मग नखं कापली, वाढलेले दात घासून दिले, खपल्यांवर औषध लावलं. म्हणाले, "याच्या सांध्यांत रक्त उतरलंय, म्हणून पाय ओढतो. ताजं हिरवं मिळालेलं नाही. गाईबकरीचं शरीर क जीवनसत्त्व स्वतः तयार करतं. याचं करत नाही, आपलंही करत नाही. हिरवा चारा द्या, पेरू द्या, कोथिंबीर द्या. ताकद येईपर्यंत भरवावं लागेल."

भरवायचं कसं, तेही त्यांनी करून दाखवलं. मांडीवर टॉवेलात धरायचं, बिनसुईच्या सिरिंजनं तोंडाच्या कडेला, पुढच्या दातांच्या मागच्या फटीत, वाटून पातळ केलेला चारा जरासा सोडायचा, आणि थांबायचं. त्यानं चावून गिळलं की मग पुढचं. "घाई केली तर छातीत जाईल. शांत बसून करायचं काम आहे हे," असं म्हणून ते एका म्हशीकडे वळले.

शांत बसून! मी ताईंकडे पाहिलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं नाही.

"आणि बरा झाला की कळेल कसं?" त्यांनी जाता जाता डॉक्टरांना विचारलं.

"शिट्टी मारेल. खाण्याच्या पिशवीचा आवाज आला की ही मंडळी शिट्टी मारतात. आता त्याला खायची आसच नाही, म्हणून गप्प आहे."

ती शिट्टी ताईंच्या डोक्यात बसली. बोंड्यानं खाल्लं पाहिजे, आपणहून मागून खाल्लं पाहिजे. आपल्या घरात पुन्हा कुणी अन्नावरून मान फिरवून जाता कामा नये. हे सगळं त्या बोलल्या नाहीत. बोलल्या फक्त, "आता शिट्टी ऐकल्याशिवाय मी याला सोडत नाही."

आमच्याकडे मग जे सुरू झालं त्याला सेवा म्हणावं की धिंगाणा, मला ठरवता आलेलं नाही. ताई सिरिंज घेऊन बसायच्या, एक थेंब सोडायच्या आणि गॅस बंद केला का ते पाहायला उठायच्या. बोंड्या टॉवेलासकट हातात आणि बाई चालतायत. चारा त्याच्या हनुवटीवर, ताईंच्या साडीवर, एकदा माझ्या भिंतीवर. मी ओरडले, "अहो बसा की जरा! तुम्ही चालल्यावर तो गिळणार कसा?" त्या म्हणाल्या, "बसून राहिले की मला घाबरल्यासारखं होतं गं." हे त्यांनी इतकं साधेपणानं सांगितलं की माझा राग विझला आणि मी हात पुढे केले. झालं, तेव्हापासून बोंड्याला धरायचं काम माझं. उंदराला पाहून पाटावर चढणारी मी, शाळेत शिकवून आले की टॉवेल घेऊन बसायची. ताई समोर उभ्या, सिरिंज त्यांच्या हातात आणि पाय जागच्या जागी चाललेले.

गणपतीचे दिवस सोपे गेले. दूर्वा म्हणजे हरळीच, आणि बोंड्याला तीच सगळ्यात आवडायची. ताई फुलवालीकडून जुड्याच्या जुड्या आणायच्या. एक जुडी देवाला, बाकी सगळ्या बोंड्याला. पण विसर्जन झालं आणि बाजारातून दूर्वा नाहीशी झाली. फुलवाली म्हणाली, "ताई, गणपती तं गेले, आता कोनाले वाहता?"

मग ताईंच्या पायाला खरी भिंगरी लागली. यवतमाळच्या चारी बाजूंना भादव्यात हिरवंगार असतं, पण या बाईला मूठभर गवत मिळेना. कॉलनीच्या मोकळ्या प्लॉटवर नुसतं गाजरगवत, ते विषारी. नाल्याकाठी प्लास्टिक आणि घाण. बाजारातल्या कोथिंबिरीवर त्यांचा विश्वास नव्हता, त्या तिला तीन पाण्यांनी धुवायच्या आणि तरी वास घेत बसायच्या. वास घेत उभ्या राहायच्या, म्हणायला हवं. कारण त्या वर्षी पेपर उघडला की तेच होतं. कपाशी माणसाच्या डोक्यावर गेलेली, अळी आटोक्यात येत नव्हती, लोक दोन-तीन औषधं एकत्र करून फवारत होते आणि उंच झाडांवर मारलेलं औषध फवारणाऱ्याच्याच अंगावर येत होतं. सरकारी दवाखान्यात रोज माणसं भरती होत होती, काही घरी परत गेली नाहीत. माझ्या वर्गातल्या एका मुलीचा मामा त्यात होता. ती शाळेत यायची आणि खिडकीकडे पाहत बसायची. आम्ही सगळेच त्या दिवसांत थोडे भेदरलेले होतो.

शेवटी ताईंनी मारोतरावांना सांगितलं, "आपल्या वावरातली हरळी आणत जा. आपल्या वावरातलं असलं म्हणजे मला काळजी नाही."

"आनतो ना बाई. यवतमायले बाजाराले येतोच," मारोतराव पायरीवर चहाची बशी ओठाला लावून म्हणाले. "पन वावरातली नाई, धुऱ्यावरची आनीन, नाल्याकडच्या बांधावरची. फवारलेल्या वावरातली काडी मी बैलासमोर टाकत नाई, तं या गरिबाले कसा टाकीन?"

"आणि तुम्ही स्वतः फवारताना तोंडाला बांधत जा."

"हाव जी," ते म्हणाले. तो हाव कसला होता ते ताईंनाही कळलं आणि मलाही. कधी काही झालं नव्हतं, म्हणजे कधीच काही होणार नाही, असा तो हाव होता.

त्यांनी आणलेल्या हरळीवर बोंड्या सुधारला. पाठीवर केस आले, पाय ओढणं गेलं. सिरिंज सुटली, आपलं आपण खायला लागला. पण आपणहून मागत नव्हता. समोर ठेवलं तर खायचा, नाही ठेवलं तर गप्प. ताई पिंजऱ्याजवळून पिशवी सळसळवत जायच्या, कानोसा घ्यायच्या. एकदा तर त्यांनी स्वतःच शिट्टी मारून दाखवली. पलीकडच्या बंगल्यातले पेन्शनर गृहस्थ खिडकीत आले आणि आम्हा दोघींकडे पाहून खिडकी लावून घेतली. मला हसू आवरेना. ताई हसल्या नाहीत. "अजून त्याचा जीव लागला नाही इथे," त्या म्हणाल्या.

नवरात्र बसलं होतं. मारोतराव त्या दिवशी नेहमीपेक्षा लवकर आले. माझी सकाळची शाळा, मी निघतच होते. त्यांनी गवताचा भारा कुंपणावरून आत ठेवला. ताई म्हणाल्या, चहा ठेवते. ते म्हणाले, नको. आणि गेले. भारा असा सुरेख होता, कोवळा, ओलसर, लांब पात्यांचा, की मी म्हटलं, "आज बोंड्याची दिवाळी आहे."

मी शाळेतून परत आले तेव्हा ताई फाटकात उभ्या होत्या. चपला एक पायात, एक हातात. टॉवेलात बोंड्या. त्याच्या तोंडातून लाळ गळत होती, डोळ्यांतून पाणी, आणि अंग थडथड उडत होतं. "भरपूर खाल्लं गं त्यानं. पोटभर खाल्लं," ताई तेवढंच म्हणत होत्या. मी रिक्षा थांबवली.

डॉक्टर क्षितिजांनी पाहिलं आणि पहिला प्रश्न केला, "काय खाल्लं?" मी येताना मूठभर गवत पिशवीत घेतलं होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि लांब धरलं. "हे फवारलेल्या शेतातलं आहे. कालपरवाचीच फवारणी." त्यांनी बोंड्याचं तोंड धुतलं, इंजेक्शन दिलं, खोक्यात ठेवलं. "आता वाट पाहायची. सांगता येत नाही."

माझं डोकं फिरलं. मी तिथेच, बकऱ्या घेऊन आलेल्या माणसांसमोर, बोलायला लागले. या मारोतरावांना काही अक्कल? बैलाला जपतात आणि मुक्या जिवाला विष आणून घालतात? इतक्या आठवड्यांचं केलेलं सगळं पाण्यात!

ताई एकदम थांबल्या. म्हणजे खरोखरच थांबल्या, त्या आवाराच्या मधोमध.

"मारोतराव असं करणारच नाहीत," त्या म्हणाल्या.

"केलंय ना पण!"

"अगं, फवारलेल्या वावरातली काडी बैलासमोर न टाकणारा माणूस आहे तो. तो चुकेल कसा? आणि चहा नको म्हणाले. प्राची, मारोतराव चहा नको म्हणाले!"

मला तेव्हा सकाळचा त्यांचा चेहरा आठवला. घाम होता. डोळे बारीक करून माझ्याकडे पाहत होते, आणि रोजचं "काय मास्तरीनबाई" म्हणाले नव्हते.

मारोतरावांचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना. ते तो घरीच ठेवून निघाले होते; शेवटी तानाबाईनं उचलला. "काल दिवसभर फवारनी केली जी याही. तो नवा पंप, त्याचं धुकं होऊन आंगावर येते. रातच्याले दोनदा ओकले. म्या म्हनलं दवाखान्यात चाला. तं म्हने, बाईच्या जनावराले चारा पोचवला पायजे, तवापासून वाट पाहात असन ते. आंधारातच कापलं गवत. अजून घरी नाई आले. तुमच्याकडे नाई का?" शेवटचं वाक्य बोलताना तिचा आवाज चढला.

धुऱ्यापर्यंत ते पोचलेच नसतील. डोकं गरगरत असताना वावरातल्या कपाशीच्या पहिल्या ओळीतलंच गवत विळ्यानं कापलं असेल, आणि आपण कुठे उभे आहोत हेही त्यांना कळलं नसेल.

बोंड्याला डॉक्टरांनी ठेवून घेतलं. आम्ही स्टँडवर गेलो. राळेगावची गाडी जिथे लागते तिथल्या बाकावर मारोतराव बसलेले होते. सदरा घामानं अंगाला चिकटलेला, ओठांच्या कोपऱ्यातून लाळ, हात मांडीवर उडत होता. सकाळपासून कितीतरी गाड्या त्यांच्यासमोरून सुटल्या असतील. आजूबाजूच्या लोकांना वाटलं असेल, बुढा पिऊन बसलाय. ताई समोर उभ्या राहिल्या तर त्यांनी ओळखलं नाही. म्हणाले, "राळेगावची लागली काय जी? पाट्या दिसून नाई राह्यल्या मले."

ताई रडल्या नाहीत. त्यांनी पदरानं त्यांचं तोंड पुसलं आणि रिक्षावाल्याला अशा आवाजात हाक मारली की पाटबंधारे खात्याचे साहेबसुद्धा त्यांना का वचकून असतील ते मला कळलं.

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना काही सांगावं लागलं नाही. एव्हाना त्यांना दारातूनच ओळखू येत होतं. अंगावरचे कपडे काढून आंघोळ घातली, सलाईन लावली. वॉर्डात दोन्ही बाजूंना तशीच माणसं होती. काही तरणी पोरं, डोळे चोळत पडलेली. एकाचे हात पलंगाला बांधलेले होते, तो झटके देत होता आणि त्याची म्हातारी आई त्याचे तळवे चोळत होती. मी त्या वॉर्डात फार वेळ थांबू शकले नाही, हे लिहून टाकते.

मारोतराव वाचले. डोळ्यांसमोरचं धुकं हळूहळू गेलं, थरथर गेली. बोंड्याही तगला. डॉक्टर क्षितिजांनी त्याला माझ्या हवाली केलं, कारण ताई आता दवाखान्यात होत्या. तानाबाई सकाळी बैलांचं आणि घरचं करून दुपारच्या एस्टीनं यायची, तोपर्यंत ताई. पण ही दोघं, एक तिकडे आणि एक इकडे, सारखंच करू लागली. खाईनात.

बोंड्याच्या तोंडाला फोड आले होते. मी सिरिंज घेऊन बसायची, तो मान फिरवायचा. मी चिडायची, त्याला बोल लावायची, मग माझाच आवाज ऐकून मला रडू यायचं.

आणि मारोतराव तोंड उघडत नव्हते. ताई फोनवर सांगायच्या. "पेज नेली तर भिंतीकडे तोंड करतात. म्हणतात, मीच मारलं त्याले. मी सांगते, अहो, जिवंत आहे बोंड्या, प्राचीकडे आहे. तर काय म्हणाले माहितेय? म्हणाले, बाई, सायबाले बी त्याइच्या दुखन्यात तुमी असंच सांगत होत्या, बरं वाटन म्हून."

पलीकडून चपला वाजत होत्या, वॉर्डाच्या फरशीवर, फटक फटक, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग ताई म्हणाल्या, "खरंच सांगायचे गं मी त्यांना तसं. आणि त्यांना कळत होतं." चपला वाजत राहिल्या.  मी म्हटलं, "ताई, त्यांच्याजवळ बसा थोडं." त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. माझा नवरा बाजारातून आला आणि त्यानं भाजीची पिशवी ओट्यावर उपडी केली. त्यात कोथिंबीर होती, गच्चीवर कुंडीत लावलेली, पलीकडच्या त्या पेन्शनर गृहस्थांनी स्वतः हाक मारून दिलेली. "न फवारलेली आहे म्हणावं," असं त्यांनी निक्षून सांगितलं होतं. मी ती कागदातून सोडवायला घेतली. कागद कुरकुरला.

आणि कोपऱ्यातून आवाज आला. आधी मला वाटलं, ताईंचा कुकर. पण ताई घरी नव्हत्या. मी कागद पुन्हा चुरगाळला. पुन्हा आला. बारीक, लांब, चढत जाणारा, अजिबात न लाजता केलेला आवाज. बोंड्या पिंजऱ्याच्या गजांवर पुढचे पाय ठेवून उभा होता आणि माझ्या हाताकडे पाहून शिट्टी मारत होता. मागत होता.

मी कागद हातात तसाच धरून नवऱ्याला ताईंचा फोन लावायला सांगितलं. ताईंनी उचलला. "काय झालं?" त्यांचा आवाज घाबरलेला होता. मी फोन पिंजऱ्याजवळ धरला आणि दुसऱ्या हातानं कागद वाजवला. बोंड्यानं कोथिंबिरीसाठी जीव तोडून शिट्टी मारली, एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना.

मी फोन कानाला लावला. पलीकडे वॉर्डातली गडबड होती, कुणाच्या तरी खोकल्याचा आवाज होता. मग लांबून मारोतरावांचा आवाज आला, पडलेला, घोगरा. "हे काय वाजून राह्यलं बाई?"

"बोंड्या," ताई म्हणाल्या. "जेवायला मागून राहिला."

 मी चपलांचा आवाज येतो का ते ऐकत होते. फोन चालू होता, ताईंच्या हातात होता, आणि चपला वाजत नव्हत्या. एकदाही नाही. मग स्टुलाचा पाय फरशीवर जरासा घासला, पलंगाजवळ सरकवल्यासारखा.

"करा तोंड इकडे," ताई म्हणाल्या. "घाई नाही. तुम्ही गिळल्याशिवाय मी पुढचा देत नाही."

चमचा वाटीला लागला. मी फोन कानाला तसाच धरून ठेवला.